मोडलेल्या पायाचं माप

लाइनीवरची माणसं तिला चौसष्टताई म्हणायची. ही लाइन म्हणजे पाण्याची. टेकडीवरच्या तलावातून निघालेला माणूसभर जाडीचा नळ जमिनीखालून काट्याकुट्यांतनं, नाल्याखालनं शहरापर्यंत येतो. वर दिसतात ते फक्त मधून मधून रोवलेले दगडी खांब. या नळाच्या डोक्यावरून चालत जायचं, जमीन कुठं उगाच ओली आहे, गवत कुठं नको तितकं हिरवं आहे ते बघायचं, आणि खोदणाऱ्यांना येऊन सांगायचं, की अमक्या खांबापासून इतक्या मीटरवर नळ गळतोय. हे ताईचं काम. अंदाजपंचे सांगून भागत नाही. तुम्ही म्हणाल "त्या बाभळीच्या जरा पुढं", आणि खोदणारी दहा माणसं दिवसभर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील.

म्हणून मोजायचं. ताईला जुन्या लाइनवाल्यानं शिकवलेली रीत अगदी सोपी होती. डावा पाय जमिनीला टेकला की एक म्हणायचं, उजव्याला काही म्हणायचं नाही. ताईच्या डाव्या पायाचे चौसष्ट झाले की शंभर मीटर पुरे. मग गळ्यातल्या दोरीवरचा एक मणी खाली ओढायचा आणि पुन्हा एकापासून सुरू. खाली ओढलेले मणी मोजले की किती शेकडे झाले ते कळतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा. उंच माणसाचा कमी, बुटक्याचा जास्त. ताईचा चौसष्ट तो पहिल्या दिवसापासून चौसष्टच राहिला. लाइनीवर नोकरी करून केस पांढरे झाले, चष्मा लागला, दोन दाढा गेल्या, पण आकडा हलला नाही. तेव्हा माणसांनी तिला तेच नाव ठेवलं आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली. एवढंच नाही, तिला त्या नावाचा जरा ताठाही होता. आपलं पाऊल म्हणजे दगडावरची रेघ, असं ती चारचौघांत म्हणायची.

लाइनीवर एकट्यानं जायचं नाही असा नियम. म्हणून तिच्या मागं होकायंत्र धरून चालायला तिची धाकटी भावजय असायची. दोघी एका घरात राहायच्या, एका चुलीवर शिजवायच्या आणि त्यामुळं जे व्हायचं ते व्हायचंच. डब्याला झाकण कुणी नीट लावलं नाही यावरनं त्या घरात दोन दिवस अबोला चालत असे. लाइनीवर मात्र दोघींचं कधी वाजलं नाही. कारण मोजताना बोलायचं नसतं. भावजयीनं मागनं फक्त "डावीकडं" किंवा "उजवीकडं" म्हणायचं, तेही होकायंत्राची सुई सांगेल तेव्हा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ताईनं बजावलं होतं, "मोजताना तोंड उघडलंस तर ते होकायंत्र तुझ्याच डोक्यात घालीन." भावजयीचा नवरा, म्हणजे ताईचा भाऊ, म्हणायचा की या दोघींना आयुष्यभर चालतंच ठेवलं तर माझं घर स्वर्ग होईल.

अशी ही बाई. जन्मभर दऱ्याखोऱ्यांतनं चालली, कधी पाय मुरगळला नाही. आणि एके दिवशी घरातल्या स्टुलावर चढली, वरच्या फळीवरची बरणी काढायला, तर स्टूल एकीकडं, बरणी दुसरीकडं आणि ताई तिसरीकडं. डावा पाय मांडीत मोडला.

डॉक्टरांनी आत लोखंडी कांब घातली. प्लास्टर निघालं तेव्हा म्हणाले, "चालाल हो. पण हा पाय बोटभर आखूड झालाय. जरा ओढत चालाल."

"आखूड म्हणजे किती?"

"सांगितलं ना, बोटभर."

"कुणाचं बोट? तुमचं की माझं?"

डॉक्टर हसले. ताई हसत नव्हती.

घरी आल्यावर तिनं भावाकडनं लांब फीत मागवली आणि गल्लीतल्या दिव्याच्या खांबापासून बेकरीच्या पायरीपर्यंत शंभर मीटर मोजून घेतले. पहिल्या दिवशी कुबड्या घेऊन ती बेकरीपर्यंत गेली तेव्हा नव्वदाच्या पुढं मोजत होती. मग कुबड्या सुटल्या, ऐंशीवर आली. मग शहात्तर. तिथं अडकली तर दात-ओठ खाऊन डावा पाय पुढं फेकायला लागली. सकाळ-संध्याकाळ खांब ते बेकरी, बेकरी ते खांब. गल्लीतल्या बायका खिडकीत येऊन बघायच्या.

"वन्सं," भावजय म्हणाली, "बेकरीवाला विचारत होता, ताई रोज दारात येऊन परत का जातात? माझ्या पावात काही वाईट निघालं का?"

"त्याला म्हणावं, पाव चांगला आहे, पाऊल वाईट आहे."

"नवीन आकडा धरून का नाही चालत? बाकीची माणसं नाही का सत्तर, बहात्तर मोजत?"

"बाकीची माणसं म्हणजे बाकीची माणसं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. तीन महिने तिनं ते केलं. आणि एका सकाळी ताज्या पायानं, पाय असा लांब लांब टाकत ती निघाली आणि बेकरीच्या पायरीला डावा पाय टेकला तो बरोबर चौसष्टावर. ती पायरीवरच बसली, घामानं निथळत, आणि पहिल्यांदाच पाव विकत घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब म्हणजे लाइनीचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता, उलट जरा जास्तच भला होता, आणि भल्या माणसांशी भांडता येत नाही हीच मोठी अडचण असते.

"ताई, तुमच्यासाठी पंपघरात जागा केलीय," ते म्हणाले. "खुर्ची आहे, पंखा आहे. काट्यांवर डोळा ठेवायचा फक्त."

"घड्याळाच्या?"

"दाबाच्या हो. पाण्याच्या दाबाच्या."

"साहेब, मला लाइन पाहिजे. माझा चौसष्ट परत आलाय."

साहेबांनी तिच्या पायाकडं बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. "बघू," ते म्हणाले. साहेब लोकांच्या "बघू"चा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

पण त्याच आठवड्यात नदीनं हात दाखवला. वरच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला, नदी काठ सोडून मधल्या सपाट मैदानावर पसरली आणि ओसरली तेव्हा मैदानभर घोट्याएवढा, कुठं गुडघ्याएवढा गाळ टाकून गेली. खांब वाहून गेले, पायवाटा बुजल्या. आणि त्या गाळाखाली कुठंतरी नळाचा सांधा निखळून पाणी भडाभडा वाया जायला लागलं. ते बंद करायचं तर आधीची झडप बंद करायला हवी, आणि झडपेवरचं लोखंडी झाकण गाळाखाली गाडलेलं. जुन्या नकाशात एवढंच लिहिलेलं, की टेकाडाच्या पायथ्याच्या खांबापासून अमक्या दिशेनं साडेबाराशे मीटर. तो एक खांब तेवढा शाबूत होता.

खोदणाऱ्यांच्या मुकादमानं मोजायचं चाक आणलं, ते गाळात रुतलं. फीत धरली, तर ती काटेरी झुडपांत अडकून दोनदा दोन वेगळी उत्तरं देऊन मोकळी झाली. लोखंड शोधायचं यंत्र दुसऱ्या गावाहून यायला दोन दिवस लागणार होते आणि शहराच्या टाकीत एका दिवसाचं पाणी उरलं होतं.

साहेब स्वतः ताईच्या दारात आले.

"ताई, एक खेप मारा," ते म्हणाले. "झाकण सापडलं तर लाइन तुमची, मी लिहून देतो. नाही सापडलं तर खुर्चीवर बसायचं, आणि मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"घालणार नाही," ताई म्हणाली आणि मण्यांची दोरी गळ्यात घातली.

सकाळचं ऊन कोवळं होतं. खांबाला पाठ लावून ती उभी राहिली. मागं भावजयीनं होकायंत्र तळहातावर घेतलं, सुई स्थिर होऊ दिली आणि लांबवरचं एक वाळकं झाड नेमून दिलं. "त्या झाडाच्या नाकावर चला."

ताई निघाली. पहिले दोन-तीन मणी तिनं झोकात ओढले. डावा पाय असा फेकत होती, की मागनं चालणाऱ्या मुकादमानं कौतुकानं मान हलवली. मधे एक नाला आला. तिथं ती काठावर थांबली, कारण उतारावर आणि चढावर पाऊल खोटं बोलतं. नाल्याच्या रुंदीला माणसांनी फीत ताणली, तेवढे मीटर तिनं हिशेबात धरले आणि पलीकडच्या काठावरून पुन्हा मोजायला लागली. ऊन चढलं. गाळ बुटाला चिकटून एकेक पाय मणाचा व्हायला लागला. मांडीतली कांब आतून कुणी पिळतंय असं वाटायला लागलं. पण तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. मनातल्या मनात आकडे आणि दोरीवर मणी. बाराव्या मण्यानंतर आणखी बत्तीस मोजले, थांबली आणि टाच दाबली. "इथं."

मुकादमानं पहार गाळात घातली. माती. दोन हात सोडून घातली. माती. मग त्याच्या दहा माणसांनी गोल खड्डा घ्यायला सुरुवात केली. कमरेएवढा झाला तरी झाकण नाही. खड्ड्याच्या कडेनं सगळीकडं पहारी खुपसून झाल्या.

"ताई," मुकादम घाम पुसत म्हणाला, "झाकण नाही, पण विहीर छान झालीय. नाव काय द्यायचं हिला?"

माणसं हसली. ताईही हसली, कारण दुसरं काय करणार. साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि तिच्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, बसा जरा. दमला असाल."

तो "बसा" शब्द तिला मुकादमाच्या टोमण्यापेक्षा जास्त लागला. ती गाळातच बसली. वाटलं, संपलं. चौसष्ट तर बरोबर मोजले होते, एकही चुकला नव्हता. म्हणजे नकाशा चुकला असेल. म्हणजे दिशा चुकली असेल. नाचता येईना तेव्हा अंगण किती वाकडं वाटतं, ते तिला त्या वेळी कळत होतं आणि तरी ती भावजयीला म्हणाली, "तू झाड बरोबर दाखवलंस ना?"

भावजय तिच्याशेजारी उकिडवी बसली. "वन्सं, रागावणार नसाल तर मागं बघा."

"काय आहे मागं?"

"तुमची पावलं."

ताईनं मान वळवली. कोऱ्या गाळात तिच्या बुटांचे ठसे ओळीनं उठले होते, सरळ, एकही इकडं-तिकडं नाही.

"तिकडं खांबापाशी," भावजय म्हणाली, "तुमच्या डाव्या ठशापासून पुढच्या डाव्या ठशापर्यंत माझे सहा बूट मावत होते. मी मागनं चालताना मापत आले. नाल्यानंतर साडेपाच. आणि इथं बघा." तिनं उठून एकापुढं एक बूट ठेवून दाखवले. "पाच आणि वर अंगठा. तुम्ही चौसष्टच मोजत होता, पण पाऊल चौसष्टाचं राहिलं नव्हतं."

गाळ काही कुणाची भीड धरत नाही. बेकरीच्या पायरीपर्यंत ओढून-ताणून आणलेलं पाऊल तेवढ्याच शंभर मीटरचं होतं. पुढच्या अकरा शेकड्यांना ते कुठून पुरणार?

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"होकायंत्र डोक्यात घेऊ?"

"अगं, पण..." ताईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते दोन्ही तिनं एकाच बाहीनं पुसलं. "बये, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंस, ते नेमकं आजच!"

मग ती उठली. उठताना हात दिला भावजयीनं, आणि ताईनं तो धरला. साहेबांकडं जाऊन म्हणाली, "फीत द्या. आणि हा तुकडा मोकळा सपाट आहे, इथं शंभर मीटर ताणून धरायला दोन माणसं द्या."

"ताई, आता कशाला..."

"साहेब, खेप अजून संपलेली नाही. तुम्ही एक खेप म्हणालात. मी अजून झाकणापाशी पोचलेलीच नाही."

मुकादम म्हणाला, "हे बाकी कायदेशीर आहे हां, साहेब."

फीत ताणली. ताई एका टोकाला उभी राहिली. तिनं डावा पाय फेकला नाही. पायाला म्हणाली, जा बाबा, तुला जसं जायचं तसं जा. पाय लंगडत, ओढत, पण एका चालीनं निघाला. सगळी माणसं बघत होती. दुसऱ्या टोकाला पोचून ती थांबली.

"किती?" साहेबांनी विचारलं.

हा आकडा तोंडातून काढणं तिला स्टुलावरनं पडण्यापेक्षा जड गेलं असेल. पण ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्र्याहत्तर." मग फिरून तेवढंच परत चालत आली. "त्र्याहत्तर. लिहा."

"म्हणजे आता त्र्याहत्तरताई म्हणायचं का?" मुकादमाच्या माणसांतला एक जण पुटपुटला.

"म्हण की," ताई म्हणाली. "पण जीभ वळतीय का बघ आधी."

साहेबांनी गाडीवाल्याला हाक मारली. टेकाडाच्या वळणानं एक पक्की वाट होती, तिथनं खांबापर्यंत गाडी जात होती. "ताई, गाडीत बसा, खांबापाशी सोडतो. तेवढाच पायाला आराम."

"नको," ताई म्हणाली. "पाय ताजा झाला तर आकडा पुन्हा बदलेल. हा आकडा दमलेल्या पायाचा आहे. मला दमलेलाच पाय पाहिजे."

आणि ती आपल्याच ठशांच्या शेजारनं, उलट दिशेनं, खांबापर्यंत लंगडत चालत गेली. भावजय मागं. साहेब थोडा वेळ गाडीपाशी उभे राहिले, मग गाडी तिथंच सोडून तेही मागनं चालत निघाले. त्यांचे चकचकीत बूट पहिल्याच दहा पावलांत गेले.

खांबापाशी ताईनं घोटभर पाणी पिऊन घेतलं, बसली मात्र नाही. मणी सगळे वर सारले. भावजयीनं सुई स्थिर केली. "तेच झाड."

दुसरी खेप पहिलीसारखी झोकदार नव्हती. बघणाऱ्याला कीवच आली असती. पण ताईला आतून काहीतरी वेगळं कळत होतं. पहिल्या खेपेला प्रत्येक पावलाला ती पायाशी भांडत होती. आता भांडण नव्हतं. दुखत होतं, भयंकर दुखत होतं, पण एकसारखं दुखत होतं, आणि एकसारखं दुखणारं पाऊल एकसारखंच पडतं. नाला आला, फीत लागली, नाला गेला. सात मणी. आठ मणी. नवव्यानंतर जमीन जरा टणक लागली आणि जुनी खोड जागी झाली, डावा पाय पुढं झेपावला.

"लांब टाकू नका," मागनं भावजय म्हणाली.

डावीकडं-उजवीकडं सोडून मोजताना बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य. ताईनं मान हलवली आणि पाय मागं घेतला. आकडा सुटला नाही.

सकाळचा खड्डा आला. माणसं कडेला उभी होती, कुणी हसत नव्हतं. ती त्यांच्याकडं न बघता खड्ड्याच्या कडेनं पुढं गेली आणि पुढंच जात राहिली. मुकादमानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी बोट ओठावर ठेवलं. बारावा मणी खाली आला. मग अर्धं राहिलेलं माप. तिचे ओठ हलत होते. छत्तीस. आणि आणखी अर्धं पाऊल. थांबली.

"इथं कुठंतरी," ताई म्हणाली. या वेळी तिनं टाच दाबली नाही. "मोजणी गल्ली दाखवते. घर तुमच्या पहारींनी शोधा."

पहार गेली. माती. दुसरी गेली. माती. माणसांनी गोल मोठा केला. उजवीकडं माती, पुढं माती. ताई उभीच होती, एक हात भावजयीच्या खांद्यावर. तो खांदा दुखत असणार, पण भावजयीनं तो हलवला नाही. मग मुकादम स्वतः उजवीकडं आणखी चार हात सरकला, पहार डोक्यावर उचलली आणि दणक्यात घातली.

ठण्ण.

त्यानं पुन्हा घातली, खात्री करायला. पुन्हा ठण्ण. मग मात्र माणसं फावडी घेऊन तुटून पडली. गाळ बाजूला झाला, गंजलेलं गोल झाकण उघडं पडलं, तिघांनी ते पहारीनं उचकटलं. खाली झडपेचं चाक होतं. दोघं आत उतरले आणि कण्हत-कुथत ते फिरवायला लागले. थोड्या वेळानं खालच्या अंगाला, जिथं सकाळपासून गाळातून पाण्याचा उमाळा दिसत होता, तिथला उमाळा लहान झाला, लहान झाला आणि बसला.

"चार हात चुकलं," ताई भावजयीला म्हणाली. "दिशा तुझी."

"दिशा माझी बरोबर होती. तुम्ही डावीकडं कलता. आखूड पायाची माणसं कलतातच."

"मग म्हणायचं नाही उजवीकडं?"

"म्हणत होते! दर मण्याला म्हणत होते! तुम्ही ऐकाल तर ना!"

लाइनीवर दोघींचं पहिल्यांदाच वाजलं ते असं, सगळ्यांसमोर. मुकादमाची माणसं पोट धरून हसत होती. साहेबांनी भांडण संपायची वाट बघितली, ते संपत नाही असं दिसल्यावर मधेच म्हणाले, "ताई, लाइन तुमची. दोघींची. उद्या लिहून देतो."

"आज द्या."

"अहो, कागद ऑफिसात आहे."

"मग उद्या द्या. पण या मैदानात आणखी एक झाकण बुजलंय ना? सांधा बसवायचा तर पलीकडची झडपही बंद करावी लागेल."

"ते सकाळी बघू. तुम्हाला उभं राहवत नाहीये."

"सकाळी हा पाय ताजा असेल. मग पुन्हा फीत, पुन्हा दोन माणसं, पुन्हा नवा आकडा. आजचा तयार आहे, आणि उजेडही आहे." तिनं नकाशाकडं हात केला. "किती लिहिलंय इथनं?"

साहेबांनी नकाशा उलगडला. "सहाशे."

"होईल."

मुकादमानं उघड्या झाकणापाशी पहार उभी रोवली, खांबाच्या जागी. ताई तिला पाठ लावून उभी राहिली आणि एकेक मणी वर सारला. भावजयीनं खांदा चोळला, होकायंत्र तळहातावर घेतलं, सुई डुलत डुलत थांबेपर्यंत थांबली आणि समोरच्या टेकाडावरचा एक पांढरा दगड दाखवला.

"त्या दगडावर चला. आणि मी उजवीकडं म्हणाले की उजवीकडं."

"बरं," ताई म्हणाली. हा शब्द त्या घरात कुणी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि ती निघाली.